एकाच बादलीतले तेल

दसरा उलटला की आमच्या घरात तेलाचा विषय निघतो. फराळाच्या तेलाचा नव्हे, इंजिनाच्या. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी तोवर द्राक्षबागांची गोडी छाटणी सुरू झालेली असते, टोमॅटोचे कॅरेट रोज पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जात असतात, आणि चार महिने चिखल तुडवून आलेल्या गाड्यांकडे निवांत पाहण्याची ती शेवटचीच सवड असते. घरात एक जुना ट्रॅक्टर आहे आणि दोन पिकअप. एक २०१२ सालची, दुसरी २०२१ सालची. तिन्ही वाहने डिझेलवर चालतात, तेव्हा तिघांनाही एकाच बादलीतले ऑइल घालावे, असे वडिलांचे, म्हणजे नानांचे, म्हणणे असते. २० लिटरची बादली सुट्या डब्यांपेक्षा स्वस्त पडते, हे त्यांचे गणित बरोबर आहे. आमचा वाद आहे तो त्या बादलीवर काय छापलेले असावे यावरून.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. पिकअप धाकटा भाऊ चालवतो, ट्रॅक्टर नाना चालवतात, आणि माझ्याकडे हिशेबाची वही व गाड्यांबरोबर आलेली पुस्तके असतात. ही पुस्तके आमच्या भागात बहुतेक घरी विम्याच्या कागदांखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढता ठेवलेली आढळतात. मी ती काढून वाचली, इतकेच माझे या विषयातले भांडवल. बाकीचे ज्ञान आमच्या मिस्त्री चाचांकडून आणि दोन-तीन फसलेल्या प्रसंगांतून आले.

नानांची ऑइलची परीक्षा दोन बोटांची आहे. डबा उघडायचा, करंगळी बुडवायची, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून हळूहळू दूर न्यायचे, आणि मध्ये तार धरली की मान डोलवायची. पाकाची तार पाहावी तशी. नव्या पिकअपचे ऑइल पहिल्यांदा बदलले तेव्हा त्यांनी ही परीक्षा घेतली आणि डबा बाजूला ठेवत म्हणाले, “हे तर पाणी आहे गं. घाटात काय टिकणार हे?” त्या डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलेले होते. नानांच्या उभ्या आयुष्यातले ऑइल म्हणजे आधी ट्रॅक्टरचे नुसते ‘चाळीस नंबर’, मग वीस-चाळीस, आणि अलीकडे पंधरा-चाळीस. आकडा खाली गेला म्हणजे माल हलका, असा त्यांचा समज होता, आणि तो त्यांच्या एकट्याचा नाही. पिंपळगावच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरच्या दोन्ही बाजूंना तो मी ऐकला आहे.

या दोन आकड्यांचा अर्थ वेगवेगळा आहे. डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे. त्याच्याआधीचा आकडा थंडीत ऑइल किती वाहते राहते ते सांगतो, आणि नंतरचा आकडा इंजिन पूर्ण तापल्यावर, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला, त्याचा दाटपणा कोणत्या टप्प्यात बसतो ते सांगतो. ४० नंबरच्या ऑइलची चिकटता त्या तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या मर्यादेत असावी लागते, ३० नंबरची ९.३ ते १२.५ मध्ये. नानांची बोटे ऑइल मोजतात ते अंगणातल्या पंचवीस-तीस अंशांना, जिथे इंजिन दिवसातून मोजकी मिनिटे असते. त्या तापमानाला पंधरा-चाळीस दाट लागणारच; त्यावरून ते घाटात कसे वागेल याचा अंदाज बांधणे म्हणजे मुलाची झोपेतली नाडी पाहून तो शर्यतीत किती धावेल ते सांगण्यासारखे आहे.

थंडीच्या आकड्याबद्दल मात्र निफाडकरांचा एक खास गैरसमज आहे, आणि तो आमच्या अभिमानातून आलेला आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला की वर्तमानपत्रात बातमी येते. कधी सहा अंश, कधी चार, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली, आणि द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात. भावाला वाटले, आपल्याकडे एवढी थंडी, म्हणजे पाच नंबरच हवे. वस्तुस्थिती अशी, की १५डब्ल्यू या दर्जासाठी स्टार्टरने इंजिन फिरवण्याची चाचणी उणे २० अंशांना घेतात आणि ५डब्ल्यूसाठी उणे ३० अंशांना. आमच्या चार अंशांच्या पहाटेला या परीक्षेत बसायचीही पात्रता नाही. पातळ ऑइल गार इंजिनात वरच्या भागापर्यंत थोडे लवकर पोचते, हा फायदा खरा आहे. पण निफाडच्या थंडीसाठी पंधरा-चाळीस नालायक ठरते, असे म्हणायला काहीच आधार नाही. म्हणूनच जुन्या पिकअपमध्ये आणि ट्रॅक्टरमध्ये आम्ही आजही पंधरा-चाळीसच घालतो, कारण त्यांच्या पुस्तकात तेच लिहिले आहे.

नानांची घाटाबद्दलची शंका मात्र निराधार नव्हती. तापलेल्या इंजिनात क्रँकशाफ्ट आणि बेरिंग यांच्यामध्ये ऑइलचा जो पापुद्रा असतो, तो काही मायक्रॉनचाच असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर त्याच्या कितीतरी पट बारीक. तो पापुद्रा टिकतो की नाही हे पाहण्यासाठी ऑइलची आणखी एक मोजणी करतात, १५० अंश तापमानाला आणि जोरदार घासले जात असताना. पंधरा-चाळीस ऑइलने तिथे किमान ३.७ सेंटिपॉइझ दाटपणा राखावा लागतो. साध्या ५डब्ल्यू-३० ला २.९ पुरतात, आणि इथवर नानाच बरोबर ठरतात. पण आमच्या नव्या गाडीच्या पुस्तकात नुसते ५डब्ल्यू-३० लिहिलेले नव्हते. पुढे एसीईए सी३ असा युरोपीय दर्जाही होता, आणि त्या दर्जाच्या ऑइलने याच चाचणीत किमान ३.५ राखलेच पाहिजेत. म्हणजे बाटलीवर एकच आकडा असलेली दोन ऑइले घाटात सारखी वागतीलच असे नाही. आकड्यापुढची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय केवळ ‘पाच-तीस द्या’ म्हणून दुकानात उभे राहणे हे ‘द्राक्षाची रोपे द्या’ म्हणून रोपवाटिकेत उभे राहण्यासारखे आहे. वाण कोणता, ते तिथे कोणीतरी विचारतेच.

ही अक्षरे म्हणजे या सगळ्या प्रकरणातला खरा कसाचा भाग. डिझेल इंजिनांच्या ऑइलला अमेरिकेच्या एपीआय या संस्थेने सी पासून सुरू होणारे दर्जे दिले आहेत. सीएफ-४ हा १९९० च्या सुमाराचा, सीएच-४ १९९८ चा, सीआय-४ २००२ चा, सीजे-४ २००६ चा, आणि सीके-४ २०१६ च्या अखेरीस आलेला. प्रत्येक नवा दर्जा इंजिनात झालेल्या एखाद्या बदलामागून आलेला आहे. धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवायला सुरुवात झाली, तेव्हा ऑइलमध्ये काजळी वाढली आणि ती काजळी गोळे होऊ न देता तरंगत ठेवणारे ऑइल लागले. ते काम सीआय-४ ने केले. नंतर सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा जाळीदार भाग आला, आणि ऑइलपुढे अगदी वेगळी अट आली: जळाल्यावर मागे राख कमी सोडायची.

ही राखेची गोष्ट नानांना समजावताना मला सर्वांत कमी कष्ट पडले, कारण चुलीची राख त्यांनी पाहिली आहे. ऑइलमध्ये मळ धुणारी आणि आम्ल मारणारी जी द्रव्ये घातलेली असतात, त्यांत कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त यांसारखे धातू असतात. इंजिन थोडे थोडे ऑइल जाळतेच, आणि ते जळाले की धातूंची राख धुराबरोबर निघून त्या जाळीत बसते. काजळी हा कोळसाच असल्याने गाडी मधूनमधून जाळीचे तापमान ६०० अंशांच्या आसपास नेऊन ती जाळून टाकते. राख मात्र जळत नाही, ती कायमची राहते. जुन्या पद्धतीच्या, राखेच्या मर्यादेविना बनलेल्या ऑइलने इंजिनाचे काहीच बिघडणार नाही, कदाचित ते खूशच राहील. पण जाळी लवकर भरेल, आणि ती जाळी बदलण्याचा खर्च ऐकल्यावर बादलीत वाचलेल्या पैशांचा उल्लेख घरात पुन्हा कोणी करत नाही. गाड्यांच्या धुरावरचे बीएस६ नियम देशभर १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल पिकअपच्या बाबतीत हे धरूनच चालावे.

मग ती जुनी, मजबूत, राखवाली द्रव्ये घातली तरी कशाला जात होती, असा प्रश्न भावाने विचारला होता, आणि त्याचे उत्तर पेट्रोल पंपावर आहे. डिझेलमधल्या गंधकापासून इंजिनात आम्ल तयार होते, आणि ते मारायला ऑइलमध्ये क्षार लागतो. बीएस३ च्या काळात डिझेलमध्ये गंधक १० लाख भागांत ३५० भागांपर्यंत चालत असे, बीएस४ मध्ये ते ५० वर आले आणि बीएस६ मध्ये १० वर. शत्रूच एवढा कमी झाल्यावर फौज कमी ठेवलेली चालते. जुनी पिकअप ज्या दिवसांत विकत घेतली त्या दिवसांतले डिझेल आता आपल्या पंपांवर मिळतच नाही, त्यामुळे तिच्यासाठी फार क्षाराचे ऑइल शोधत बसण्याचीही गरज उरलेली नाही.

इथेच नानांच्या एका बादलीला थोडी आशा दिसली होती. सीके-४ हा दर्जा मागच्या सीजे-४, सीआय-४ आणि सीएच-४ या दर्जांची जागा घेऊ शकतो, अशी त्याची रचनाच आहे. तेव्हा पंधरा-चाळीस सीके-४ ची बादली आणली, तर ट्रॅक्टर आणि जुनी पिकअप, दोघांचेही भागते. नव्या गाडीच्या पुस्तकात हाच दर्जा असता, तर तिघांची एक पंगत बसली असती. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीच्या पुस्तकात तसे आहे, आणि ते एकच बादली आणतात. त्यांचे चूक नाही, आमचेही नाही. पुस्तक उघडून पाहिल्याखेरीज दुसऱ्याच्या गाडीचे ऑइल आपल्या गाडीला सांगू नये, एवढेच. ट्रॅक्टरच्या बाबतीत हेही लक्षात ठेवावे लागते, की ही बादली फक्त इंजिनापुरती आहे; गिअरपेटी, हायड्रॉलिक आणि ऑइलात बुडालेले ब्रेक यांचे ऑइल निराळे असते.

कंपनीबद्दल मला फारसे काही म्हणायचे नाही. सर्वो, मॅक, कॅस्ट्रॉल, गल्फ, शेल, आणि गाडी बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या नावाने विकली जाणारी ऑइले, यांपैकी कोणत्याही डब्यावर आपल्या पुस्तकातले दोन्ही संकेत जसेच्या तसे असतील, तर पुढची निवड किमतीवर आणि दुकानदाराच्या विश्वासावर करावी. विश्वास हा शब्द मी जाणून वापरते. जुन्या डब्यात भलतेच ऑइल भरून विकण्याचा धंदा आपल्याकडे आहे, म्हणून रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडावे. आणखी एक: काही डब्यांच्या झाकणाखाली मेकॅनिकसाठी बक्षिसाचे कूपन असते. त्यात बेकायदेशीर काही नाही, पण एखादा मिस्त्री एकाच ऑइलचा अति आग्रह धरू लागला, तर झाकणाखाली डोकावून घ्यावे. आमचे चाचा ते कूपन उघडपणे मागून घेतात, “ताई, झाकण तेवढं मला ठेवा,” म्हणून. त्यामुळे त्यांच्या सल्ल्यावरचा माझा विश्वास उलट वाढला आहे.

नव्या पिकअपच्या पहिल्या हंगामात घडलेला एक प्रकार इथे सांगायलाच हवा. त्या वर्षी वाशीच्या फेऱ्या कमी होत्या. गाडी बहुतेक शेतातून पिंपळगावपर्यंतच जात असे, तिथे लिलावाच्या रांगेत घटकाभर सुरू राहत असे आणि परत येत असे. डिसेंबरात नानांनी नेहमीप्रमाणे पहाटे ऑइलची पट्टी काढून पाहिली आणि हसतच घरात आले. “ही गाडी गुणाची आहे. जुनी ऑइल खाते, ही वाढवते!” पट्टीवरचे ऑइल खरोखरच वरच्या खुणेच्या बोटभर वर गेले होते. नानांना ती बरकत वाटली. मी पट्टी नाकाशी नेली, तर डिझेलचा वास.

झाले होते ते असे. जाळीतली काजळी जाळण्यासाठी अनेक गाड्यांमध्ये इंजिन उशिरा थोडे जादा डिझेल फवारते, म्हणजे धूर तापतो. लांबच्या वाटेवर हे काम पुरे होते आणि चालकाला कळतही नाही. जवळच्या फेरीत ते अर्ध्यावर असताना गाडी बंद केली, की पुढच्या वेळी ते नव्याने सुरू होते, आणि सिलिंडरच्या भिंतीवरून थोडे डिझेल दर वेळी खाली ऑइलमध्ये उतरत राहते. डिझेल मिसळलेले ऑइल पातळ होते. वर इतका ऊहापोह केलेला तो पापुद्रा मग कोणत्याही महागड्या डब्याचा असो, उपयोगाचा राहत नाही. आम्ही त्याच दिवशी ऑइल बदलले, किलोमीटर अजून निम्मेही झालेले नसताना. तेव्हापासून भाऊ डॅशबोर्डवरचा जाळीचा पिवळा दिवा लागला, की गाडी महामार्गाला घालून थेट ओझरपर्यंत नेऊन आणतो, आणि नाना पट्टी पाहताना ऑइल उतरले आहे का एवढेच नव्हे, तर चढले आहे का, तेही पाहतात.

रंगाबद्दल एकच वाक्य पुरे: डिझेल इंजिनात घातलेले ऑइल काही दिवसांत काळे पडते, कारण ते काजळी अंगावर घेऊन फिरवते, आणि तेच तर त्याचे काम आहे. मी कधीकधी टीपकागदावर एक थेंब सोडून दुसऱ्या दिवशी पाहते. काळेपणा बाहेरच्या कडेपर्यंत मऊ पसरलेला असेल, तर ऑइल अजून काजळी पेलते आहे, आणि मधोमध घट्ट काळा ठिपका व भोवती फिके वर्तुळ दिसले, तर त्याने हात टेकले आहेत. हे प्रयोगशाळेतल्या तपासणीची बरोबरी करत नाही, पण करंगळीपेक्षा बरे.

आता फिल्टर. ऑइलवर एवढा वाद घालणारे आमचे घर फिल्टरच्या बाबतीत अनेक वर्षे अगदी बेपर्वा होते. ऑइल चांगले, फिल्टर मिळेल तो. बहुतेक पिकअपवाल्यांची गत हीच असावी, कारण ऑइलला नाव असते आणि फिल्टर हा नुसता ‘डबा’ असतो. जुन्या पिकअपला एकदा असाच स्वस्तातला डबा बसला. त्यानंतर रोज पहाटे गाडी सुरू केली, की तीन-चार सेकंद ऑइलचा लाल दिवा तसाच राही आणि वरून टपेटचा खडखडाट येई. मग सगळे शांत. चाचांनी आवाज ऐकला आणि फिल्टर उतरवायला सांगितला. मी तो उतरवलेला डबा आणि एक अस्सल वापरलेला डबा, दोन्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेले आणि मुलांसमोर कापले. फिल्टर हॅक्सॉने कापायचा नसतो, कारण करवतीचा कीस आत पडतो आणि मग कोणता कीस इंजिनाचा व कोणता आपला, ते सांगता येत नाही. पत्रा कडेने कापणारे हत्यार वापरावे लागते.

आतला फरक कोणालाही दिसेल असा होता. अस्सल डब्यात कागदाच्या घड्या दाट, दोन्ही टोकांना नीट चिकटवलेल्या. स्वस्तात त्या जवळजवळ निम्म्या आणि एका जागी टोकापासून सुटलेल्या, म्हणजे तिथून ऑइल न गाळता सरळ जात असणार. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, इंजिन बंद झाल्यावर ऑइल फिल्टरमधून परत खाली उतरू नये म्हणून जी रबराची पाकळी असते, ती अस्सलमध्ये लवचीक होती आणि दुसऱ्यात कडक होऊन मुडपलेली. रात्रभरात डबा रिकामा होई, आणि पहाटे पंपाला आधी तो भरावा लागे. खडखडाट त्या रिकाम्या सेकंदांचा होता. आणखी एक झडप असते, फिल्टर चोंदला किंवा ऑइल फार घट्ट असले, तर उघडून न गाळलेले का होईना पण ऑइल पुढे सोडणारी. मळके ऑइल वाईट, पण कोरडे बेरिंग त्याहून वाईट, या हिशेबाने ती ठेवलेली असते. ती किती दाबाला उघडावी, हे प्रत्येक इंजिनाचे वेगळे ठरलेले असते; म्हणून आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला, असे होत नाही.

‘२० मायक्रॉन’ असे डब्यावर छापलेले असते, त्यानेही हुरळून जाऊ नये. त्या आकाराचे निम्मे कण अडवणारा फिल्टरही तसे छापू शकतो. जाणकार बीटा नावाचे गुणोत्तर विचारतात. बीटा २ म्हणजे दोन कणांतला एक पलीकडे जातो, बीटा ७५ म्हणजे पंच्याहत्तरांतला एक. आपल्या दुकानांत हे कोणी विचारत नाही आणि विचारले तर हसतात, तेव्हा गाडी बनवणाऱ्याने सांगितलेल्या क्रमांकाचा फिल्टर खात्रीच्या दुकानातून घेणे हाच आपल्यापुरता बीटा.

फिल्टर चांगला असून लावणारा चुकला तर काय होते, तेही आम्ही पाहिले आहे. चाचा गावी गेले होते, म्हणून रस्त्यावरच्या एका गॅरेजात घाईने ऑइल बदलून घेतले. जुना डबा निघाला, पण त्याची रबरी रिंग इंजिनाच्या तोंडाला चिकटून राहिली, आणि नवा डबा आपल्या रिंगेसह तिच्यावरच आवळला गेला. भाऊ रात्री टोमॅटो घेऊन वाशीला निघाला. पिंपळगाव ते वाशी सुमारे २०० किलोमीटर; घोटी ओलांडल्यावर लाल दिवा लागला. त्याने त्याच क्षणी चावी फिरवून गाडी कडेला घेतली, आणि खाली वाकून पाहतो तर मागे रस्त्यावर ऑइलची रेघ. कसाऱ्याचा उतार पुढे होता. इंजिन वाचले ते त्या एका चावीमुळे. माल दुसऱ्या गाडीत चढवून वाशीला पोचेपर्यंत बाजार उतरला होता, त्याचा हिशेब वहीत आहे. चाचा परतल्यावर त्यांनी भावाला समोर बसवून शिकवले: जुनी रिंग हाताला लागली की नाही ते आधी पाहायचे, तोंड फडक्याने पुसायचे, नव्या रिंगेला बोटाने ऑइल लावायचे, रिंग टेकली की तिथून हाताने पाऊण वेढा, बस, पाना नाही.

डिझेलच्या फिल्टरबद्दल नाना पूर्वी सर्वांत निष्काळजी होते, आणि त्यात त्यांचा दोष कमी आहे. ट्रॅक्टरच्या जुन्या पंपाने आयुष्यभर कॅनमधले, धोतराच्या फडक्यातून गाळलेले डिझेल पचवले. कॉमन रेलच्या, म्हणजे डिझेल एका सामाईक नळीत दाबून ठेवणाऱ्या, गाडीत तेच डिझेल हजारांहून अधिक बार दाबाने इंजेक्टरच्या अगदी बारीक छिद्रांतून जाते, आणि आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनचीच असते. तिथे धूळ सँडपेपरचे काम करते, आणि पाणी त्याहून वाईट, कारण पाण्यात वंगण नाही आणि गंज आहे. अर्धी टाकी रात्रभर थंडीत उभी राहिली, की आतल्या हवेतले बाष्प थेंब होऊन डिझेलखाली बसते. फिल्टरच्या तळाशी पाणी साठायला जागा असते आणि ते काढायला स्क्रू. पावसाळ्यात तो दर पंधरवड्याला सैल करून काचेच्या बरणीत थोडे डिझेल घ्यावे, खाली थर दिसतो का पाहावे. आम्ही आता संध्याकाळीच टाकी भरतो. नवा डिझेल फिल्टर बसवताना तो आधी भरून घेण्याची सवय अनेक मिस्त्र्यांना असते. भरायचाच तर बाहेरच्या बारीक छिद्रांतून, मधल्या मोठ्या छिद्रातून नव्हे, कारण तिथून ओतलेले डिझेल न गाळता थेट पुढे जाते. सर्वांत चांगले म्हणजे कोरडा बसवून हातपंपाने हवा काढावी.

हवेच्या फिल्टरचा विषय निघाला, की नानांना आजोबांची जीप आठवते. तिच्या एअर क्लीनरमध्ये ऑइल भरलेली वाटी असे. हवा त्या ऑइलवर आपटून वळे, धूळ ऑइलात अडके, आणि आठवड्याला गाळ काढून वाटी रॉकेलने धुतली की झाले. आताच्या कागदी फिल्टरला धुलाई चालत नाही, आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवाही मानवत नाही. टायर भरणारा तो झोत कागदाला जवळून लावला, की डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात, आणि आमच्या मुरमाच्या रस्त्यावरची वाळूमिश्रित धूळ त्या चिरांतून टर्बोच्या पात्यांवर आणि तिथून पिस्टनच्या रिंगांवर जाते. झटकायचाच असेल, तर आतून बाहेर, कमी दाबाने, लांबून. मग अंधाऱ्या खोलीत आत बल्ब धरून कुठे उजेडाचा टिपका दिसतो का पाहावे. गंमत अशी, की थोडा मळलेला कागदी फिल्टर कोऱ्यापेक्षा धूळ अधिक चांगली अडवतो, कारण बसलेली धूळच पुढच्या धुळीची जाळी होते. त्यामुळे दर आठवड्याला झाकण उघडून फिल्टर हाताळणारा अतिकाळजीचा माणूस गाडीचे नुकसानच करतो. माझा भाऊ हे वाचत असेल तर त्याने मनावर घ्यावे.

बदलायचे कधी, याला पुस्तकात दोन उत्तरे असतात, आणि लोक पहिलेच वाचतात. दुसऱ्या, लहान अक्षरांतल्या कोष्टकात धूळ, पूर्ण भार, घाट, जवळच्या फेऱ्या आणि तासन्‌तास सुरू राहणारे इंजिन यांचा उल्लेख असतो, म्हणजे जवळजवळ आमच्या गावाचेच वर्णन. लिलावाच्या रांगेतला तास किलोमीटरच्या आकड्यात कुठेच उमटत नाही. म्हणून मी वहीत आता फेऱ्याही लिहिते, आणि हंगामात ऑइल व त्याचा फिल्टर पहिल्या कोष्टकाच्या साधारण निम्म्या अंतरावर बदलते. ऑइल बदलून जुनाच फिल्टर ठेवण्याची काटकसर आम्ही बंद केली. त्या डब्यात काळे ऑइल शिल्लक असते, आणि ते पहिल्याच मिनिटाला नव्यात मिसळते.

निघालेल्या ऑइलचे काय करायचे, यावर अजून नानांचे आणि माझे एकमत नाही. त्यांना ते नांगराच्या फाळाला, मांडवाच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून, आणि मागायला आला तर सेंटरिंगवाल्याला द्यायला हवे असते. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते आणि नोंदणी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवे. मातीत ओतू द्यायचे नाही, विहिरीजवळ तर नाहीच, इथपर्यंत मी त्यांना आणले आहे. चाचांच्या गॅरेजातल्या ड्रमपर्यंत ते कॅनने जाते, आणि दर वेळी एक लिटर मध्येच कमी भरते.

यंदा शेवटी दोन बादल्या आल्या नाहीत. एक बादली आणि दोन डबे आले. बादली पंधरा-चाळीस सीके-४ ची, ट्रॅक्टर आणि जुन्या पिकअपसाठी. डबे नव्या गाडीचे. गोदामात रात्री घाईने ऑइल घालताना चूक होऊ नये, म्हणून मी बादलीवर पांढऱ्या रंगाने ‘जुनी’ आणि डब्यांवर ‘नवी’ असे लिहिले. सकाळी पाहते तर नानांनी ‘नवी’च्या खाली खडूने ‘पातळ’ असे जोडले होते, आणि झाकणाच्या कडेला त्यांच्या करंगळीचा ठसा होता.